पुसेल त्याने थांबावे

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत वाचनालयाच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर डोमाजी तायडे रोज सकाळी वस्तीची खबर लिहीत. रेल्वेत पॉइंट्समन होते, खटके ओढून गाड्यांना रूळ लावून द्यायचे, तेव्हा ड्यूटी संपवून घरी जाता जाता लिहीत. रिटायर झाल्यावर घरून मुद्दाम लिहायला येऊ लागले. आधी हाताला ग्रीसचा वास असे, मग बामचा. अक्षर मात्र तेच राहिलं, टपोरं आणि जरा पुढे वाकलेलं, वाऱ्याच्या विरुद्ध सायकल हाणणाऱ्या माणसासारखं.

खबर म्हणजे कोणाच्या पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, नळ कधी येणार, आणि येणार नसेल तर शिव्या कोणाला द्यायच्या. "शेषरावांना नातू झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. शेषराव झोपलेले नाहीत, त्यांच्याशी जपून बोलावे." असं ते लिहीत, आणि दिवसभर लोक शेषरावांशी खरंच जपून बोलत.

या फळ्याला वस्तीनं एक रीत लावून घेतली होती. खडू खालच्या फळीवर उघडाच पडलेला असे. लिहिलेलं चूक वाटलं तर कोणीही तळहातानं पुसावं. पण पुसेल त्यानं डोमाजी येईपर्यंत तिथंच थांबावं आणि का पुसलं ते तोंडावर सांगावं. एकदा डोमाजींनी एकाचा मुलगा "साहेब" झाला म्हणून लिहिलं. मुलाचा बाप ओळ पुसून उन्हात उभा राहिला आणि डोमाजी आल्यावर म्हणाला, "साहेब नाई, क्लर्क झाला. आज फुगवसान, उद्या लोक टाचणी घेऊन येतीन." डोमाजींनी "क्लर्क" लिहिलं, आणि दोघं चहाला गेले.

सगळ्यात जास्त पुसत ते शेषराव. माळी माणूस, गावाबाहेर शेवंती आणि पालक लावायचे, आणि फळ्याशेजारीच त्यांची हारांची गाडी. दिवसभर तिथंच बसायचं असल्यानं त्यांना थांबायचा त्रास नव्हता.

डोमाजींना पुसलेल्या ओळीचा राग येत नसे. कोणी ओळ पुसली म्हणजे निदान तेवढं तरी नीट वाचलं, असा हिशेब ते धरून होते. लिहिणाऱ्याला दुसरं काय कळतं? अंधारात हाक घालावी आणि कुत्रं भुंकलं तरी बरं वाटावं, तसं ते आहे. फक्त एका माणसानं त्यांची एकही ओळ कधी पुसली नव्हती. तो माणूस म्हणजे त्यांची बायको, चतुराबाई. ती बाजाराला मागच्या गल्लीनं जायची. चांगली सातवी शिकलेली बाई, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मगच टाकायची, पण फळ्याचा विषय निघाला की म्हणायची, "मले काय करायचं तुमच्या फळ्याचं?" डोमाजी हसून सोडून देत. आत कुठंतरी ते सुटत नसे.

मग वाचनालयाला टाइल्स लागल्या. पांढऱ्या, चकचकीत, हात लावायची भीती वाटावी अशा. फळा उतरवला गेला. परत ठोकायला डोमाजी हातोडी घेऊन गेले, तर कमिटीवाले म्हणाले, "काका, खिळा मारला तर टाइल तडकन." डोमाजी हातोडी पिशवीत घालून परत आले. पुढचे काही दिवस सकाळी ते उगीचच अंगणात फेऱ्या मारत राहिले. चतुराबाईंनी पाहिलं आणि म्हटलं, "तुळशीले पाणी घालून झालं तीनदा. सडून जाईन ते."

अमरावतीला त्यांची पुतणी पायल राहायची. दातांच्या डॉक्टरांच्या, क्लासेसच्या वेबसाइटी बनवणं हा तिचा धंदा. ती स्कूटीवर आली, चहा घेतला, आणि पाय दुमडून बसत म्हणाली, "मोठेबाबा, ब्लॉग काढा. इंटरनेटवरचा फळा. फक्त आधी प्लॅटफॉर्म ठरवा."

"सारी नोकरी तेच ठरवण्यात गेली," डोमाजी म्हणाले. "आता ब्लॉगचाही ठरवतो. दाखव."

त्यांच्या मनात लगेच एक गोष्ट चमकली, जी त्यांनी पायललाही सांगितली नाही. फळा चौकात होता. ब्लॉग घरात येणार होता. चुलीपाशी, मोबाइलमध्ये, चतुराबाईंच्या हाताशी. आता मागची गल्ली कुठली? जागा अशी निवडायची की तिला ती सहज उघडता आली पाहिजे. बाकी सगळं गौण.

पहिली जागा पायलनं दाखवली ती प्रोफेशनल लोकांची. तिथं डाव्या हाताला उभी यादी, यादीतून आणखी याद्या, वर पट्टी, खाली पट्टी.

"इथं काय वाट्टेल ते करता येते," पायल अभिमानानं म्हणाली. "माहे सगळे डॉक्टर इथंच आहेत."

डोमाजींनी चष्मा नाकावर खाली घेतला. "हे तर बडनेऱ्याचं यार्ड आहे वं. एक खटका चुकला तं मालगाडी नागपूरऐवजी नरखेडले." त्यांनी एक बटण दाबून पाहिलं. पान गेलं आणि त्या जागी भलताच तक्ता आला. "गेली पाह्य नरखेडले."

"शिकाल तुम्ही. एवढी वर्षं लिहून राहिले. तुम्ही काही बिगिनर नाही."

"लिहिण्यात नाही. दाबण्यात आहो."

दुसरी जागा दिसायला फार सुंदर होती. उघडल्याबरोबर एक गोरी बाई खिडकीपाशी बसून मोठ्या कपातून कॉफी पीत होती.

"ही कोण?"

"कोणी नाही. ते टेम्प्लेट आहे. तिच्या जागी तुमचा फोटो टाकायचा."

डोमाजी बाईला हटवायला गेले, तर बाईबरोबर शीर्षकही गेलं. परत आणलं, तर बाई दोन झाल्या. तेवढ्यात चतुराबाई चहाचे कप उचलायला आल्या, स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "म्हातारपणी बरं सुचलं!" आणि निघून गेल्या. डोमाजींनी ती जागा तिथल्या तिथं बाद केली. पायलनं समजावून सांगितलं की त्या बाईचा काही दोष नाही. डोमाजी म्हणाले, दोष नाही, पण हिच्या शेजारी नळाची खबर शोभायची नाही.

तिसरी जागा साधी होती, जुनाट वाटावी इतकी. वर एक चौकोन शीर्षकाला, खाली एक मोठा चौकोन लिहायला, आणि कोपऱ्यात एक बटण. पैसे नाहीत, खटके नाहीत, कॉफी नाही.

"हे अगदीच नवशिक्यांचं आहे," पायल कुरकुरली. "पुढं मोठं करायचं म्हटलं तर मग अडचण जाते, मोठेबाबा. नाव आपलं घेता येते, पण रूप असंच राह्यते."

"मोठं कोणाले करायचं आहे? अक्षर मोठं कर."

अक्षर मोठं झालं. मागचा रंग काळा आणि अक्षरं पांढरी झाली. डोमाजींनी फोन हातभर लांब धरला, मग स्वयंपाकघराच्या दारापाशी चतुराबाई बसतात तिथं जाऊन बसले आणि तिथून धरून पाहिला. चष्म्याशिवाय दिसत होतं. त्यांनी मान हलवली.

"आता सांग," ते म्हणाले, "लोकाईनं पुसायचं कुठून?"

"पुसायचं?"

"चूक दिसली तं."

"खाली कमेंट करतात."

"खाली कोपऱ्यात उभं राहून बोलणं आणि पुसणं एक आहे काय? कमेंटवाला माह्या चुकीच्या खाली आपलं शहाणपण टांगते. चूक तशीच राह्यते."

पायलनं कपाळाला हात लावला. मग अत्यंत गंभीरपणे, दातांच्या डॉक्टरांना सांगते त्या आवाजात तिनं सांगितलं की लिहिण्या-पुसण्याचा पासवर्ड फक्त मालकाजवळ असतो आणि तो कोणालाही, अगदी कोणालाही सांगायचा नसतो. डोमाजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पासवर्ड पुठ्ठ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिला आणि शेषरावांच्या गाडीवर, शेवंतीच्या हारांच्या मधोमध टांगला. खाली लिहिलं: "पुसेल त्याने माझ्या घरी येऊन थांबावे. चहा मिळेल."

पायलला हे कळलं तेव्हा ती फोनवर इतकी ओरडली की डोमाजींनी फोन कानापासून दूर धरला आणि तरी सगळं ऐकू आलं. "मोठेबाबा, काहून केलं असं तुम्ही?" डोमाजी म्हणाले, "खडू काय मी कुलपात ठेवत होतो?"

ते खातं फक्त ब्लॉगपुरतंच होतं, त्यात दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं शेवटी हात टेकले.

ब्लॉग चालू लागला. एक गंमत अशी झाली की कोणीही दुसऱ्या फोनवरून आत शिरायला गेलं की दर वेळी डोमाजींच्या फोनवर प्रश्न यायचा: हे तुम्हीच आहात का? डोमाजी "होय, मीच" दाबायचे. शेषराव शिरले, होय मीच. शेषरावांची सून हर्षा शिरली, होय मीच. चक्कीवाला शिरला, तोही मीच. दिवसभरात डोमाजी इतके जण होऊन जात की संध्याकाळी आरशात एकटेच दिसले की त्यांना जरा चुकल्यासारखं वाटे.

आणि घरी चहा सुरू झाला. शेषरावांनी आधी एक शब्द पुसला, आले, पाट ओढून बसले. "डोमाजीभाऊ, तुमी लिवलं पालक महागला. पालक नाई महागला. तुमी उशिरा उठता, तवरीक चांगला पालक संपते." चहा प्याले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्णविराम पुसला आणि पुन्हा आले.

चतुराबाई परातीत कप घेऊन दारात उभ्या. "भाऊजी, तुमी पुसायले येता का चाहाले?"

"वहिनी, आज खरी चूक होती."

"कोणती?"

"तिथं थांबायची गरजच नव्हती. वाक्य पुढं जात होतं."

कप पुढं करता करता चतुराबाईंनी क्षणभर विचार केला, असं डोमाजींना वाटलं. एवढ्यावर ते दोन दिवस खूश राहिले.

तरीही ती ब्लॉग उघडत नव्हती. डोमाजींनी तिच्या फोनवर, जिथं ती भाज्यांचे व्हिडिओ पाहायची त्याच्या अगदी शेजारी, ब्लॉगचं चिन्ह लावून दिलं. ते चिन्ह तसंच पडून राहिलं, न वापरलेल्या पाहुण्यांच्या पेल्यासारखं. विचारायची सोय नव्हती. इतक्या वर्षांनंतर "माझं वाच ना" असं बायकोला म्हणायचं म्हणजे भर बाजारात स्वतःच स्वतःला हार घालून घेण्यासारखं. शेवटी त्यांनी विचार केला: माणूस दुसऱ्याबद्दलचं वाचत नसेल, पण स्वतःबद्दलचं?

म्हणून त्यांनी अकोल्याची गोष्ट लिहिली. अकोल्याला मुलगी पाहायला गेलो होतो. बैठकीत आम्ही चौघं, समोर तिचे वडील. मुलगी पोहे घेऊन आली. मी मान खाली न घालता सरळ समोर पाहत होतो. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लाजून आत पळून गेली. त्या लाजण्यावर मी माझं सगळं आयुष्य लावलं, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. असं बरंच. पुढं अकोल्याच्या उन्हाचं वर्णन, परतीच्या गाडीचं वर्णन, गाडीत वडील काय बोलले. फळा सात-आठ ओळींत संपायचा. ब्लॉग संपतच नव्हता, आणि डोमाजींना त्या न संपण्याची चटक लागली होती.

बटण दाबलं आणि आपला फोन, पान उघडं ठेवून, चतुराबाई भाजी निवडायच्या तिथं फळीवर विसरल्यासारखा ठेवला. आंघोळीला गेले. नेहमीपेक्षा दोन तांबे जास्त घेतले. बाहेर आले तर फोन तिथंच होता, स्क्रीन काळा. चतुराबाई मेथी निवडत होत्या.

"फोन राह्यला होता वाटते इथं," डोमाजी म्हणाले.

"हो, वाजला नाई," चतुराबाई म्हणाल्या.

डोमाजींनी फोन उचलला आणि बाहेर गेले. सकाळ चांगली होती, तरी त्यांना रस्ता लांब वाटला. ज्यांनी वाचावं ते वाचत नाहीत आणि बाकीचे चहाला येतात, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते झटकून टाकलं, कारण ते खरं असण्याची शक्यता होती.

शेषरावांच्या गाडीपाशी चौघे-पाचजण फोनात डोकं घालून उभे. शेषराव म्हणाले, "भाऊ, गोष्ट झकास. सकायी पह्यले मीच वाचली. पण ते लाजायची ओळ काहून काढली?"

"कोणती?"

"वहिनी लाजून आत पयाल्या ते. मी वाचली तवा होती. आता नाई."

डोमाजींनी फोन पाहिला. "तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि" एवढ्यावर वाक्य थांबलं होतं. त्यापुढं कोरी जागा. त्यानंतर "त्या लाजण्यावर" ही ओळ, आणि तीही अर्धी.

"शेषराव, तुमीच पुसली."

"भाऊ, नातवाची शपथ. मी पुसली असती तं चाहा सोडला असता काय?"

ते मात्र पटण्यासारखं होतं. डोमाजींनी हर्षाला विचारलं, चक्कीवाल्याला विचारलं. दोघांचंही म्हणणं, ज्या ओळीत भांडण नाही ती आम्ही कशाला पुसू? मग डोमाजींच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. सकाळपासून फोननं विचारलंच नव्हतं. हे तुम्हीच आहात का, असा एकही प्रश्न आला नव्हता. आत शिरायला कोणाला परवानगी लागलीच नव्हती. म्हणजे ओळ त्यांच्याच फोनवरून पुसली गेली होती.

आधी त्यांना वाटलं, आपणच पुसली असेल. माणूस स्वतःचं पुसतो आणि विसरतो. जगण्याचं निम्मं काम तेच आहे. मग त्यांना फळी आठवली, मेथी आठवली, आणि "वाजला नाई" हे आठवलं. ते इतक्या झपाट्यानं घराकडे वळले की शेषरावांनी मागून विचारलं, "भाऊ, नळ आला काय?"

चतुराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मेथी निवडून परातीत ठेवलेली, हात पुसलेले, पदर खोचलेला, पाठ चौकटीला टेकलेली.

"केवढा वेळ झाला उभी आहो मी," त्या म्हणाल्या. "घरातल्याघरात थांबायचं म्हणजे तरी किती? विचारसान का नाई?"

"तू पुसली?"

"पुसली. खोटं होतं ते."

"खोटं? तू आत पयाली नाई?"

"पयाली. पण लाजून नाई. मले हसू आवरून नाई राह्यलं."

"हसू? काहून?"

चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांनीही ते त्यांना आवरेना. "तुमी नवीन शर्ट घातला होता. त्याच्या कॉलरमधला पुठ्ठा तसाच होता आत. दुकानातून आणला तसा. तुमाले मानच वळवता येत नव्हती. पोह्याची बशी इकून आली तं तुमी सबन अंगासकट वळले, तिजोरीचं दार वळते तसे. मी म्हटलं, इथं थांबली तं बशी पडते. म्हणून पयाली."

डोमाजींचा हात आपोआप गळ्याकडे गेला. त्यांना त्या दिवशीचं टोचणं आठवलं. त्यांना ते आजवर प्रेमाचं वाटत आलं होतं.

"आणि कोणीच सांगतलं नाई?"

"कोण सांगन? माहे बाबा तं रात्री जेवतानी म्हणे, पोरगा लई सभ्य आहे. घरात आला पण इकडं-तिकडं एक नजर टाकली नाई त्यानं. सरळ समोर पाहून राह्यला. दुसरे येतात ते पंखा मोजतात, कपाट मोजतात. याच पोराले पोरगी देतो. देली."

"पुठ्ठ्यानं लग्न झालं म्हण की."

"नाई तं काय! आन तुमी लिवता लाजली. सारी वस्ती वाचन आन म्हणन, लाजाळू होती बिचारी. मी? मले लाज वाटली असती तं सांगतलं असतं."

डोमाजी पाटावर बसले. काय वाटतंय ते त्यांना नीट कळेना. ज्या लाजण्यावर आयुष्य लावलं ते नव्हतंच, आणि तरी आयुष्य झालं होतं, बरं झालं होतं. त्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच होती. ती विचारायला त्यांना धीर होईना. त्यांनी आधी दुसरंच विचारलं.

"फळा काहून कधी वाचला नाई मग?"

"फळ्यासमोर तुमी गडीमाणसं बसत होते, कट्टाभर. मी उभी राहू कुठं? तुमच्या डोक्यावरून वाचू?" चतुराबाईंनी परात खाली ठेवली. "एकदा गेली होती. सगळे उठून उभे राह्यले, वहिनी आल्या म्हणून. मी पुढं चालली गेली, जसं पोस्टातच जायचं होतं."

डोमाजींना हे कधी सुचलंच नव्हतं. रोज लिहायला येणारा माणूस फळ्याकडे तोंड करून उभा असतो. पाठीमागं कोण थांबू शकत नाही, हे त्याला दिसत नाही.

"आणि हे?" त्यांनी फोन वर केला. आवाज जरा लहान झाला होता. "आजचंच वाचलं, का बाकीचंही?"

"पहिल्या दिवशीपासून वाचून राह्यली. तुमी आंघोळीले गेले की, तुमच्याच फोनवर." त्या अगदी सहज म्हणाल्या, दूध तापवलं असं सांगावं तसं. "उघडाले सोपं आहे ते. अक्षरही दिसते."

इतकी वर्षं आतल्या आत धरून ठेवलेलं डोमाजींनी शेवटी विचारलं, आणि विचारताना फोनच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत राहिले.

"मग? कसं लागते?"

चतुराबाईंनी विचार केला. शेषरावांच्या पूर्णविरामाला दिला होता त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ दिला.

"लांब लावता," त्या म्हणाल्या. "अकोल्याचं ऊन आमाले ठाऊक आहे. ते कायले सांगता? गाडीत तुमचे बाबा बोलले ते चांगलं आहे, ते ठेवा. उन्हाचं सारं काढा."

"सारं?"

"एक ओळ ठेवा. तुमाले आवडते तं."

डोमाजींचा चेहरा असा झाला की पाहणाऱ्याला वाटावं, याला कोणीतरी बक्षीस जाहीर केलं. त्यांनी पाट ओढत तिच्या बाजूला नेला, चष्मा लावला आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.

"कोणती ओळ?"

"सरका जरा. उजेड येऊ द्या," चतुराबाई म्हणाल्या, आणि बोटानं वाचायला लागल्या.